पन्नास फुटांच्या आत

मंगलला अमरसिंह पाहवत नव्हता आणि अमरसिंहला मंगल. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या गावाला माहीत होतं. गाव युसूफ वडगावच्या अलीकडं, फाट्यावरून आत वळलं की लागतं. सरपंच होती प्रियदर्शनी, पण तिच्या खुर्चीला खुर्ची लावून तिचा नवरा अमरसिंह बसायचा आणि गाव त्यालाच सरपंच धरून चालायचं. सही बाईची, तोंड दादाचं.

भांडणाचं मूळ होतं ग्रामपंचायतीचं गवत कापायचं मशीन. मृगाच्या आधी ते आलं. लांब दांड्याचं, पेट्रोलवर चालणारं, दांड्याच्या शेंड्याला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. ते चालवायचं शिक्षण तालुक्याला तीन दिवस होतं. गावातले बाप्ये म्हणाले, गवत कापायला काय शिकायचं बे, आमी जन्मभर कोयताच चालवला. मग जायला कुणी तयार होईना तेव्हा मंगल गेली. तीन दिवस एसटीनं जाऊन आली, कागद घेऊन आली आणि काम तिला मिळालं. शाळा, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, दलितवस्तीचा रस्ता, दवाखान्याचं आवार, एवढं सगळं उन्हाळ्यापर्यंत तिच्याकडं.

तिला ते काम का पाहिजे होतं, हे एकदा नीट सांगितलं पाहिजे. मंगल आणि तिचा नवरा भागवत सोळा वर्षं उसाला जात होते. उसाच्या फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईला मुकादम विचारत नाही, एकट्या बाप्याला पण नाही. दिवाळी आली की हे दोघं ट्रॅक्टरवर बसायचे आणि पोरगी धनश्री आजीपाशी राहायची. आजी म्हणजे जानकीबाई, भागवतची आई. चैतात जानकीबाई गेली. धनश्री नुकतीच दहावीत गेली होती. आता या साली उसाला जायचं म्हटलं तर पोरगी एकटी घरात ठेवता येत नव्हती आणि संगं न्यायची तर दहावी बुडत होती. भावकीतल्या शहाण्यांनी त्यावर उपाय काढलेलाच होता. लगीन लावून द्या म्हणे. जावयासंगं ती पण जाईल, कोयताही वाढेल. भागवत हे ऐकून गप्प बसायचा, नको म्हणायचा नाही. त्याच्या त्या गप्प बसण्यावर मंगलचं डोकं फिरायचं. पंधरा वर्षांच्या लेकराला हे लोक कोयता म्हणून मोजत होते. तर या घरातल्या कुणीतरी एकानं दिवाळीनंतर गावात कामावर असलं पाहिजे, एवढंच तिला दिसत होतं. बाकी गाव खड्ड्यात गेलं तरी चाललं असतं.

आणि गाव तिला सुखानं काम करू देत नव्हतं. शिकवणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी चाळीस फुटांवर एक पिकली पपई ठेवली होती, मशीनसमोर मूठभर खडी टाकली होती आणि मशीन फिरवलं होतं. खड्याचा एक तुकडा पपईत घुसून पलीकडून निघाला. हे डोकं असतं तर, एवढंच तो म्हणाला. मंगलला त्यातून जे कळायचं ते कळलं. ती आधी सगळी जागा चालून दगड, बाटल्या, तारा वेचायची. पायात गमबूट, लुगड्यावरून भागवतचा जुना शर्ट, डोळ्यांना चष्मा, तोंडावर जाळी, कानात कापसाचे बोळे. आणि पन्नास फुटांच्या आत कुणी आलं की मशीन बंद. ते माणूस जाईपर्यंत चालू करायचं नाही, मग ते सरपंच असो की म्हैस.

झालं, लोकांना खेळ मिळाला. मंगल मशीन चालू करताना दिसली की कुणीतरी मुद्दाम तिकडूनच जायचं. पंडित नावाचा एक रिकामटेकडा तर रस्ता सोडून गवतातून चालायचा आणि मधेच थांबून बिडी पेटवायचा. ती ओरडली की म्हणायचा, "रस्ता तुझ्या बापाचा हाय का?" ती मशीन बंद करून उभी राहायची. पंडितची बिडी संपेपर्यंत त्याच्याकडं नुसती बघत राहायची. तिच्या मनात त्याच्याबद्दल जे काही यायचं ते लिहिण्याजोगं नाही. पण दोरा ओढून मशीन चालू करायची नाही.

अशी ती भादव्यापर्यंत टिकली. मग गांधी जयंती आली आणि अमरसिंहला स्वच्छता सुचली.

शाळेच्या मैदानात गुडघ्याच्या वर तरवटा आणि गाजरगवत माजलं होतं. मंगल आदल्या दिवशीच ते कापणार होती. तर निरोप आला, राहू दे, दादा उद्या स्वतः कापणार हायेत, फोटो काढायचेत. सकाळी दहाला पोरांच्या रांगा मैदानात उभ्या केल्या. मास्तर, बचत गटाच्या बाया, केजवरून बोलावलेला फोटोवाला, आणि पंडित तर सगळ्यात पुढं. अमरसिंह पांढऱ्या कपड्यांत, पायात पांढरी चप्पल, गळ्यात लांब उपरणं. त्याच्या एका बाजूला प्रियदर्शनी आरतीचं ताट घेऊन आणि दुसऱ्या बाजूला त्यांची दुसरीतली पोरगी आरोही, बापाचा झब्बा धरून.

मशीनला हार घातला. हळदीकुंकू वाहिलं. इथपर्यंत ठीक होतं, आपल्याकडं ट्रॅक्टरला वाहतात, मोटारला वाहतात, मशीनला वाहिलं म्हणून कुणाचं बिघडत नाही. पण मग पंडितनं नारळ घेतला आणि मशीनच्या पुढ्यातच दगडावर असा आपटला की करवंटीचे तुकडे गवतात चौफेर गेले. एक तुकडा अगदी आरोहीच्या पायाशी जाऊन पडला.

मंगल पुढं झाली. "दादा, जरा थांबा. करवंट्या वेचू द्या. आन लेकरं मागं न्या, त्या भिंतीपाशी."

अमरसिंहनं फोटोवाल्याकडं बघून डोळा मारला. "ही आमची इंजिनेर."

लोक हसले. पंडित सगळ्यात मोठ्यानं हसला.

"दादा, त्याचा तुकडा गोळीवानी येतो. चष्मा तरी घाला. ते उपरणं काढा, गुतंल."

"चष्मा घातला तर तोंड कसं दिसंल?" अमरसिंह म्हणाला. "मंगल, दोन मिनटाचं काम हाय. तू लई शिकलेली झालीस का?"

फोटोवाला लोकांना हातानं बोलावत होता. जवळ या, अजून जवळ या, फ्रेममध्ये या. पोरांची रांग सरकत सरकत पाच-सहा फुटांवर आली. मास्तर पण पोरांसंगं पुढं सरकले. मंगल तिसऱ्यांदा बोलली, "लेकरं मागं न्या." यावेळी कुणी हसलं सुद्धा नाही, नुसतं तिला बाजूला केलं.

तिला भयंकर राग आला. मशीन द्यायचं नाही म्हणावं, तर आत्ताच्या आत्ता काम गेलं आणि दिवाळीला ऊस. मशीन द्यावं, तर यातल्या कोणाचं तरी लेकरू आज डोळा घालवून घरी जाणार. ती खाली वाकली. पेट्रोल बघते म्हणाली. मशीनच्या शेंड्याला वाटीएवढी डबी असते, तिच्यात दोरीचं रीळ. दोन बाजूंच्या खुंट्या दाबल्या की झाकण निघतं. तिनं झाकण काढलं, दोरीचं रीळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं, झाकण होतं तसं बसवलं आणि उठली. हार वाहायला निम्मं गाव वाकलं होतं, त्यामुळं तिच्या वाकण्याकडं कोण बघतंय.

"घ्या दादा," म्हणाली आणि पट्टा त्याच्या खांद्यावर चढवून तिनंच चालू करायचा दोरा ओढला.

मशीन गरजलं. अमरसिंहनं रेस दिली. धूर निघाला, पोरांनी कानात बोटं घातली, बायांनी टाळ्या वाजवल्या. दादानं मशीन उजवीकडून डावीकडं आणि डावीकडून उजवीकडं असं फिरवलं, छाती काढून, तोंड कॅमेऱ्याकडं ठेवून. उपरण्याचं टोक खाली लोंबत होतं. शेंड्याची ती रिकामी डबी नुसती गरगर फिरत होती आणि तरवटा जागचा हलत नव्हता. तोंड कॅमेऱ्याकडं असल्यावर गवत कापलं जातंय का नाही हे कुणाला दिसणार. पाचवीतली एक पोरगी तेवढी म्हणाली, "सर, कापंना की ते." सरांनी तिला गप्प केलं.

दोन मिनिटं झाली. मशीन बंद झालं. कुणाच्या अंगाला खरचटलं सुद्धा नाही. फोटोवाला म्हणाला एक नंबर आलंय. सगळे चहाला गेले आणि मंगलनं करवंटीचा एकेक तुकडा वेचला. सगळे मिळून अठरा निघाले.

फोटोवाल्यानं फोटोसंगं काढलेला व्हिडिओ अमरसिंहनंच टाकला. मागं गाणं लावून, खाली स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून, तालुक्याच्या सगळ्या ग्रुपांवर. संध्याकाळपर्यंत कुणीतरी शहाण्यानं लिहिलं की दादा गवताला वारा घालतायत. दुसऱ्या दिवशी केजच्या बाजारापर्यंत ते गेलं. विरोधी पार्टीच्या लोकांनी तर एक नवाच व्हिडिओ केला, त्यात वारा घालणारा दादा आणि शेजारी टेबलफॅन. गावात लोक तोंड दाबून हसत होते आणि दादा समोर आला की गंभीर होत होते.

तिसऱ्या दिवशी मंगलला ग्रामपंचायतीत बोलावलं. प्रियदर्शनी खुर्चीत होती, अमरसिंह शेजारच्या खुर्चीत. त्यानं बस म्हटलं नाही.

"दोरी कुठं होती?"

"माझ्यापाशी."

"कावून काढली?"

"लेकरं जवळ होती."

"मला सांगायचं."

"सांगितलं. तीनदा."

अमरसिंहच्या कपाळावरची शीर ताठ झाली. असं तोंडावर बोललेलं त्याला सवयीचं नव्हतं. "तुझ्या भानगडीमुळं माझी तालुक्यात काय इज्जत राहिली, कळतंय का तुला?"

"इज्जत राहिली न्हाई, पण डोळे सगळ्यांचे राहिले," मंगल म्हणाली.

तेव्हा प्रियदर्शनी पहिल्यांदा बोलली. समोरच्या कागदाकडं बघत, हळू. "आपली आरोही कुठं उभी होती?"

अमरसिंह भिंतीवरच्या घड्याळाकडं बघू लागला. मंगलला क्षणभर वाटलं, ही बाई आता काहीतरी बोलेल. अमरसिंहनं कागद तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "तू सही कर." तिनं सही केली.

कागदावर लिहिलं होतं की कामाचा ताण मंगलच्या तब्येतीला झेपत नाही, सबब मशीन तिचा पती भागवत याच्याकडं सोपवण्यात येत आहे. अमरसिंह काही खुळा नव्हता. तिला नुसतं काढलं असतं तर विरोधी पार्टीनं त्याचाही व्हिडिओ केला असता. नवऱ्याला दिलं की कोण काय बोलणार. घरातलं काम घरातच राहिलं. मंगलला तोंडात मारल्यासारखं झालं आणि वर तिनं उपकारही मानावेत अशी सोय केली. सगळ्यात वाईट म्हणजे तिला जे पाहिजे होतं ते मिळालंच होतं. घरातलं एक माणूस कामावर राहणार होतं. ऊस टळणार होता. ती बाहेर आली.

घरी भागवत खाटेवर पडून मोबाईल बघत होता. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती आणि चेहऱ्यावर तेज आलं होतं. मंगल गमबूट घालून गावभर फिरते, बाप्यांना लांब व्हा म्हणते, हे त्याच्या कधीच पचनी पडलं नव्हतं. पारावर त्याला लोक विचारायचे, काय बे, आज मशीननं भाकरी टाकली का. आता ते मशीन त्याच्याकडं आलं होतं.

"बाईचं काम न्हवतंच ते," तो म्हणाला.

मंगलनं मशीन त्याच्यापुढं ठेवलं. चष्मा, जाळी, गमबूट, दोरीचं रीळ, ऑईल मिसळायचं माप, सगळं ठेवलं. "आधी जागा वेचा. शेंड्यावरचा गार्ड खडे अडवतो, तो काढू नका. पन्नास फुटात कुणी आलं की बंद करा. दोरीच भरा, दुसरं कायबी भरू नका."

"हं," भागवत म्हणाला. नजर मोबाईलमधून वर आली नाही.

चार दिवस गेले. दोघं एका घरात राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. ती भाकरी पुढं सरकवायची, तो खायचा. धनश्री मधे बसून अभ्यास करायची आणि दोघांकडं बघायची पण नाही. मंगल दुसऱ्याच्या सोयाबीनला काढणीला जाऊ लागली. वाकून काढताना लांबून मशीनचा आवाज यायचा आणि ती कान देऊन ऐकायची. आवाजावरून तिला कळायचं, आता रेस जास्ती दिली, आता दगडाला लागलं. मधे आवाज कधी बंद व्हायचा नाही. म्हणजे कुणी आलं-गेलं तरी हा माणूस चालूच ठेवत होता. ती दातओठ खात सोयाबीन कापायची आणि स्वतःला सांगायची, गप्प बस, धनश्रीची परीक्षा मार्चात हाय.

पाचव्या दिवशी दुपारी आवाज बदलला. दोरीचा आवाज जाडसर, घोंगावता असतो. हा आवाज शिट्टीसारखा, बारीक, कानात घुसणारा होता. मंगल ताठ झाली. एकदा शिकवणाऱ्या माणसानं तसा आवाज ऐकवला होता आणि लगेच मशीन बंद केलं होतं. ही तार आहे, म्हणाला होता. दोरी दगडाला लागली तर झिजते, तार लागली तर तुटते. तुटलेला तुकडा कुठं जाईल हे देवालाही सांगता येत नाही.

विळा तिथंच टाकून ती निघाली. वच्छलाबाई, जिचं सोयाबीन होतं ती, मागून हाका मारत राहिली.

पाण्याच्या टाकीपाशी भागवत काम करत होता. पायात चप्पल. चष्मा कपाळावर चढवलेला. मशीनचा गार्ड काढून बाभळीच्या फांदीला अडकवला होता. मशीनच्या शेंड्याला जुन्या मोटरसायकलची क्लचची तार, दोन्ही बाजूंनी हातभर. टाकीच्या पायऱ्यांवर, दहा फूटसुद्धा अंतर नसेल, पंडित आणि दोघं जण गप्पा मारत बसले होते. पायऱ्यांच्या कडेनं मुरमाचा ढीग होता आणि गवत त्या ढिगातूनच वर आलं होतं.

"बंद करा," मंगल ओरडली. ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पाठीमागून जाता येत नाही, माणूस दचकून मशीनसकट वळतो. ती लांबून वळसा घालून त्याच्या समोर आली आणि दोन्ही हात वर केले. भागवतनं बघितलं. मानेनंच म्हणाला, जा. रेस कमी केली नाही, उलट वाढवली. पायऱ्यांवरचे तिघं बघत होते ना.

ती चालायला लागली. चार महिने तिनं गावातल्या एकाही माणसाला, एकाही जनावराला जी हद्द ओलांडू दिली नव्हती, ती आपल्या पायांनी ओलांडून आत गेली. तोंडावर काही नव्हतं, डोळ्यांवर काही नव्हतं. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. भागवतनं पुन्हा मान झटकली. ओठांवरून दिसत होतं, सरक, सरक म्हणतोय. मुरमाचा एक खडा आला आणि तिच्या नडगीवर बसला. तिनं खाली बघितलं नाही. वीस फूट. दहा. तारेचा वारा लुगड्याला लागायला लागला तेव्हा ती थांबली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

भागवतचा हात रेसवरून सुटला. तार दोन गिरक्या घेऊन थांबली. त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं, आणि इतक्या आवाजानंतर एकदम सगळं इतकं शांत झालं की टाकीतून गळणारं पाणी ऐकू येऊ लागलं.

"भागवत, बायकोनं मशीन बंद करायला लावलं बे," पंडित पायरीवरून म्हणाला.

भागवतचं तोंड लाल झालं. "येड लागलं का तुला? मधी कावून आली?"

"तार काढा."

"दोरी लई खपती. दादा म्हणले रोज रोज दोरी मागायला येऊ नको. तार चांगली चालती, दोन तासाचं काम अर्ध्या तासात..."

"तार काढा. गार्ड लावा."

"माझं काम हाय, मी बघून घेईन. कामावर कोण हाय, तू का मी?"

"तुमीच हाव," मंगल म्हणाली. "कागदावर तुमचंच नाव हाय, ऱ्हाऊ द्या. मला मशीन न्हाई पाहिजे. उद्या याचा तुकडा ह्या पंडितच्या डोळ्यात गेला तर मला दुःख व्हनार न्हाई, हे त्याच्या तोंडावर सांगते. तुमच्या डोळ्यात गेला तरी मी किती रडंल ते मलाच माहीत न्हाई. पन त्याच दिवशी मशीन जाईल. मशीन गेलं की मुकादम दारात. आन माझी पोरगी वही सोडून मोळ्या बांधायला बसंल. ते मी होऊ देनार न्हाई."

पंडितनं हातातली बिडी विझवली. बाकीचे दोघं उठून उभे राहिले होते. भागवत बायकोच्या पायाकडं बघत होता. नडगीतून रक्त निघून टाचेपर्यंत आलं होतं आणि चपलेत उतरत होतं. ते आपल्या मशीननं काढलेलं आहे, हे त्याला आत्ता कुठं उमजत होतं.

"अगं पन तू सरळ चालत आली," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "तार तुटली असती म्हंजे? तुलाच लागली असती म्हंजे?"

"मग बरंच झालं असतं," मंगल म्हणाली. "जोडी मोडली असती. एकट्या बाप्याला उसाला कोन नेतंय?"

ती रागानं बोलत नव्हती. हा हिशोब तिनं चालताना केला होता आणि तो बरोबर होता, हे भागवतसारख्या सोळा वर्षं फडात काढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं खांद्यावरचा पट्टा काढला. मशीन जमिनीवर आडवं ठेवलं आणि तार सोडवायला खाली बसला. खुंट्या दबेनात. मंगलनं त्याला मदत केली नाही. तार पूर्ण निघेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, मग सोयाबीनकडं परत गेली.